अर्धा निरोप

गज्जम अक्कांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याच्या कितीतरी आधीपासून मी त्यांना ओळखत होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली होती. मी मुंबईला एका मिलच्या हेड ऑफिसात टेलिप्रिंटरवर बसायचो. मिल सोलापूरला, मालक मुंबईला आणि दोघांच्या मधे भाड्यानं घेतलेली एक तार. मी इकडे टाइपरायटरसारख्या कळा दाबल्या की तीच अक्षरं त्याच क्षणी सोलापुरात कागदाच्या अरुंद पट्टीवर उमटत. तिकडून कुणी टाइप केलं की माझ्यापुढची पट्टी सरकायला लागे. सुताचे भाव, धोतरांच्या ऑर्डरी, कुठला माल कुठं पाठवायचा, असला सगळा मजकूर. सगळं इंग्रजी लिपीत. भाषा मात्र ज्याची त्याला येईल ती.

यंत्राला आवाज नसतो, पण हात ओळखू येतो. सोलापूरचा तो हात शब्द संपला की श्वासभर थांबायचा. जणू शब्द खाली ठेवून, तो नीट बसला का ते पाहून मग पुढचा उचलायचा. आमच्या ऑफिसात सगळे म्हणायचे, ‘म्हातारी बसलीय वाटतं आज.’ कुणीही तिला पाहिलेलं नव्हतं.

एकदा मी एक निरोप पाठवला: निळा माल उद्या रवाना करा, पण आधी रंग पाण्यात टिकतो का ते बघा. ‘मिळाला’ अशी पोच यायला हवी होती. त्याऐवजी पट्टीवर आलं, ‘अर्धं आलं. उरलेलं पाठवा.’ मी विचारलं, किती आलं? उत्तर आलं, ‘निळा माल उद्या रवाना करा.’ हे वाक्य तर पुरं होतं. दुसरं कुणी असतं तर माल गाडीत चढवून मोकळं झालं असतं. मी विचारलं, अर्धं आहे हे कशावरून? परत तो थांबून थांबून चालणारा हात: ‘शेवटची खूण नाही.’

प्रत्येक निरोपाच्या शेवटी आम्ही अधिकाचं चिन्ह टाकायचो. ते चिन्ह आलं म्हणजे निरोप संपला. मधेच तार लचकली आणि शेपूट गळालं, तर चिन्हही गळायचं. नियम साधाच होता. पण वाक्याचा अर्थ लागल्यावर चिन्ह शोधत कोण बसतं? अक्का बसायच्या.

पुढं माझी बदली सोलापूरला झाली आणि मी त्या हाताच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

म्हाताऱ्या नव्हत्याच त्या. पंचेचाळिशीच्या असतील. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधून तो मानेमागं अडकवलेला. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरात जन्म. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, मिलमध्ये मराठी. लहानपणापासून मागांच्या खटखटाटात वाढल्यानं कानांनी अर्ध्या गेल्या होत्या. टेलिप्रिंटर चालू असला की चपला काढून पाय उघडे फरशीवर टेकवायच्या. यंत्र नीट चालतंय की कुठं अडखळतंय ते त्यांना तळव्यातून कळायचं.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, “मी शिंदे. मुंबईहून आलो.”

“शिंदे. मुंबईहून आले,” त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मी गप्प. त्याही गप्प. शेवटी मीच म्हणालो, “बस, एवढंच.”

“हां. मग बसा की.”

हीच त्यांची रीत. समोरचा जे बोलला ते आधी परत म्हणून दाखवायचं आणि तो ‘बस’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. कान कमी म्हणून लागलेली सवय, पण ती कानांच्या पलीकडं गेली होती. कँटीनवाला नामदेव दारातून ‘आणतो’ म्हणून निघाला की त्याला हाक मारून परत बोलवायच्या. “काय आणतो?” “चहा, अक्का.” “चहा. बस?” “बस.” मग तो सुटायचा. मॅनेजरसाहेबांना बोलता बोलता वळून चालू लागायची खोड होती. एकदा ते ‘मुंबईला कळवा, सूत मिळालं आणि...’ असं म्हणून फोन आला म्हणून निघून गेले. अक्का त्यांच्या मागं जिना चढून गेल्या, फोन संपेपर्यंत दारात उभ्या राहिल्या. “साहेब, ‘आणि’ म्हटलात. ‘आणि’च्या पुढं काय?” साहेब आठवायला लागले. त्यांना आठवेना. “मग ‘आणि’ काढून टाकू का?” अक्कांनी गंभीरपणे विचारलं. साहेबांना हसावं की रागवावं ते कळलं नाही.

नवऱ्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, कुणी विचारलंही नाही. केसांत अबोलीचा गजरा मात्र रोज असायचा.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला सांगायचंय, तो मी सोलापुरात आल्यानंतरचा पहिलाच. मे महिना. सोलापूरची दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. रस्ते पांढरे पडतात. माणूस दिसत नाही, कुत्रं दिसत नाही. मिलच्या यंत्रांची घरघर चालू असते, पण ऐकून ऐकून तीच शांतता वाटायला लागते. अशा एका दुपारी मी सुताच्या भावाचा निरोप उतरवत होतो. आकड्यांच्या मधेच पट्टीवर उमटलं: GALI KETTADA. आणि पुढं परत आकडे.

मी हसलो. म्हटलं, “अक्का, मुंबईवाले शिव्या देतायत. गाली लिहिलंय.”

अक्कांनी पट्टी हातात घेतली. मुंबईला विचारलं. तिकडून उत्तर आलं, आम्ही असलं काही पाठवलेलं नाही. त्यांच्याकडच्या नकलेतही ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साधारण त्याच सुमाराला, धोतरांच्या ऑर्डरीत शिरून आलं: ILIBYADRI. तिसऱ्या दिवशी नुसतंच YAG. मग एक दिवस काही नाही. मग परत.

मिलचे इलेक्ट्रिशियन दस्तगीरभाई आले. यंत्र तेच सांभाळायचे. पांढरी दाढी, खिशात कायम टेस्टर. त्यांनी पट्ट्या बघितल्या आणि म्हणाले, “कचरा है अक्का. धूप से तारां ढीले पडते, दुसरे तार को लगते. दुसऱ्याचा माल अपने घर में आता.”

“कचरा नाही, भाई,” अक्का म्हणाल्या. “कन्नड आहे.”

दस्तगीरभाईंनी पट्ट्या पुन्हा डोळ्यांजवळ धरल्या.

“गाळि म्हणजे वारा, हवा. केट्टद म्हणजे बिघडली. हवा बिघडलीय. आणि हे इळिब्याड्री. उतरू नका.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “कुणीतरी कुणाला तरी सांगतंय की. तुकडे मागंपुढं झालेत, म्हणून कळेना.”

दस्तगीरभाई म्हणाले, दुसऱ्या तारेवरचा असेल, अक्कलकोटकडच्या कुणाचा तरी, आपल्याला काय करायचंय? त्यांनी दुसरं, राखीव यंत्र लावलं. त्यावरही तुकडा आला. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. राहिली तार. मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. बाहेरची तार काढून टाकायची आणि यंत्राला त्याचंच तोंड त्याच्याच कानाला जोडायचं. म्हणजे त्याच्या कळा दाबल्या तरच त्यावर अक्षर उमटेल. जगाशी संबंध नाही. “अब इसमें कुछ आया तो मेरी दाढी मुंडा लेना,” ते म्हणाले.

भर दुपार होती. खिडकीला वाळ्याचा पडदा, तो सुकून खडखडीत झालेला. काढलेली तार दस्तगीरभाईंच्या हातात, तिचं उघडं टोक मी डोळ्यांनी बघत होतो. अक्कांनी अनवाणी पाय फरशीवर टेकवले. बराच वेळ काही झालं नाही. मी पाणी प्यायला उठणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, “थांबा.”

यंत्र अजून हललं नव्हतं. त्यांच्या तळव्यांना ते आधी कळलं.

मग पट्टी सरकायला लागली. कळांवर कुणाचा हात नव्हता. अक्षरं एकेक करून, सावकाश उमटली: BASANNAGA HELRI. मग यंत्र थांबलं. मग पुन्हा, या वेळी सगळं ओळीनं, सलग: बसण्णाग हेळ्री, बाव्याग इळिब्याड्री, गाळि केट्टद. आणि शेवटी अधिकाचं चिन्ह.

दस्तगीरभाईंनी तार हातातून टाकून दिली, जशी काही ती गरम झाली होती. ते भिंतीला टेकले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायला लागले. अक्का मात्र पुढं झुकून वाचत होत्या. नेहमीसारखं त्यांनी ते मोठ्यानं परत म्हणून दाखवलं, आधी कन्नडमध्ये, मग आमच्यासाठी मराठीत: “बसण्णाला सांगा. विहिरीत उतरू नका. हवा बिघडलीय.” मग म्हणाल्या, “आता पुरा झाला.”

आणि त्यांनी कळांवर बोटं ठेवून, कुठंही न जोडलेल्या त्या यंत्रावर पोच टाइप केली: ‘मिळाला.’

त्यानंतर पट्टीवर काही आलं नाही.

“‘आता पुरा झाला’ म्हणजे?” मी विचारलं.

अक्कांनी पट्टी फाडून हातात घेतली. मग म्हणाल्या, “हा निरोप मी आधी बघितलाय, शिंदे. दुष्काळात. तुम्ही तेव्हा मुंबईलाही नव्हता. असाच उन्हाळा होता. मुंबईकडून आला. ‘बसण्णाग हेळ्री, बाव’, एवढंच. मग तार गेली. परत आल्यावर मी विचारलं, उरलेलं पाठवा. ते म्हणाले, काही राहिलेलं नाही. तीनदा विचारलं की मी. पाठवणारा कोण, तेपण कुणी सांगेना. खूण नव्हती. अर्धा निरोप. मग मी दिला नाही.”

“कुणाला देणार होता? बसण्णा कोण, हे कुठं माहीत होतं?”

“मिलमध्ये बसण्णा ढीगभर. विचारत गेले असते तर सापडला असता.” त्या पट्टीकडं बघत होत्या. “मी विचारलं नाही. अर्धा देत नाहीत ना.”

चपला घालून त्या निघाल्या. मीही मागोमाग गेलो. एकटं त्या खोलीत थांबायची माझी तयारी नव्हती. खात्याखात्यातून विचारत आम्ही रंगखात्यात पोचलो. तिथले म्हातारे जॉबर, म्हणजे मुकादम, नागनाथ रंगानं निळे झालेले हात पुसत म्हणाले, “बसण्णा? आमचा बसण्णा तर गेला की, अक्का. दुष्काळात सुट्टी घेऊन गावाकडं गेला, हीर उपसायला. गाळ काढायला उतरला, तो वर आलाच न्हाय. तुमाला ठाव न्हाई? हां, कसं ठाव असनार. मिलमधनं मानूस गेला की दुसरा येतो.”

अक्कांनी परत म्हटलं, “विहीर उपसायला गेला. वर आला नाही.”

“व्हय.”

“गाव कुठलं?”

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, ती माणसं अजून तिथं आहेत. अक्कलकोटच्या पुढं, सीमेला लागून.

परतताना मी म्हणालो, “अक्का, माणूसच राहिला नाही. आता कुणाला देणार?”

“घर आहे की.”

“पण एवढ्या वर्षांनी...”

“उशिरा आला म्हणून निरोप खोटा होत नाही, शिंदे. नाव कळलं, गाव कळलं. आता ठेवून घेतला तर तो माझा दोष.”

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मी का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्या एकट्या जातील ही कल्पना सहन होत नव्हती. अक्कलकोटला गाडी बदलली. पुढच्या गाडीत मराठी कमी आणि कन्नड जास्त ऐकू यायला लागलं. फाट्यावर उतरून चालत गाव गाठलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगळं गाव दारं ओढून बसलेलं. एका ओसरीवर एक बाई धान्य पाखडत होती, तिनं विचारलं, “यारु बेकु? कोन पायजे तुमाला?”

“बसण्णाचं घर.”

तिचं सूप थांबलं. “बसण्णा न्हाई आता. घरातली समदी मळ्यात गेलीत. तवापासनं झाकलेली हीर उघडत्यात आज.”

अक्कांनी ते परत म्हटलं नाही. आमच्या ओळखीत मी पहिल्यांदा पाहिलं, की समोरच्याचं बोलणं तसंच टाकून त्या चालू लागल्या. चालू कसल्या, जवळजवळ पळतच. पदर डोक्यावरून उडालेला, हातात चपला, तापलेल्या मातीत अनवाणी.

मळ्यात विहिरीच्या काठावर चार-पाच माणसं होती. काढून टाकलेल्या बोराट्यांच्या काट्यांचा ढीग एका बाजूला पडला होता. एक तरणाबांड माणूस कमरेला दोर बांधून काठावर बसला होता, एक पाय आत सोडलेला. एक बाई हातात घागर घेऊन थोडी लांब उभी होती.

अक्का ओरडल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज असतो तसा, मोठा आणि सपाट. नाव-गाव काही न सांगता त्यांनी निरोपच म्हटला, जसा आला होता तसा:

“बसण्णाग हेळ्री! बाव्याग इळिब्याड्री! गाळि केट्टद!”

आणि थांबल्या.

दोर बांधलेल्या माणसाचा पाय आत होता तसाच राहिला. मग घागरवाली बाई पुढं आली. ती बसण्णाची बायको शांतव्वा. दोर बांधलेला तिचा दीर सिद्दप्पा. तिनं अक्कांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“कोन तुमी? हे कुनी सांगितलं तुमाला?”

“मिलमध्ये आला. मुंबईहून.”

“आमचा मल्लण्णा असाच बोलायचा,” शांतव्वा म्हणाली. “माजा नंदावा, नणंदंचा नवरा. मुंबईला तुमच्याच मिलच्या गोदामात हमाल हुता. माजं मालक गेलं त्याच्या आदल्या वर्षी हा ह्याच हिरीत उतरला आन् अर्ध्यावरनं चक्कर येऊन वर आला. लाज वाटली म्हून कुनाला बोलला न्हाई. मालक गेल्यावर आला तवा छाती बडवत हुता, म्या निरोप धाडला हुता म्हनं, तारंवाल्याच्या पाया पडून. आमी म्हटलं, कुटं आला निरोप? कुनालाच न्हाई आला.”

“मल्लण्णा आता कुठं आहेत?” मी विचारलं.

“त्यो बी गेला की. काविळीनं. दोन वर्सं झाली.”

सिद्दप्पानं पाय वर घेतला. एका म्हाताऱ्यानं न बोलता कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि विहिरीत सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. भर उन्हात ती ज्योत आधी दिसतच नव्हती, अंधारात शिरल्यावर दिसायला लागली. थोडी खाली गेली. आणखी थोडी. आणि विझली. वारा नव्हता. फुंकर मारावी तशी नाही, तर कुणी चिमटीत धरावी तशी विझली. वर काढून परत पेटवला, परत सोडला. परत त्याच जागी विझला.

सिद्दप्पा कमरेचा दोर सोडायला लागला. गाठ सुटेना. शांतव्वानं ती सोडवली.

मला वाटलं, झालं. आता पाणी प्यावं आणि निघावं. पण अक्का शांतव्वासमोर उभ्या राहिल्या.

“माझं अजून बोलून झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तो निरोप तेव्हा आला होता. माझ्याकडं आला. अर्धा. मी दिला नाही.”

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी मान खाली घातली. शांतव्वानं घागर खाली ठेवली.

“अर्दा म्हंजी किती?”

“‘बसण्णाला सांगा, वि...’ इथपर्यंत.”

शांतव्वानं एकदा विहिरीकडं पाहिलं. मग म्हणाली, “तेवढा दिला असता तरी त्यो उतरलाच असता. त्यो कुनाचं ऐकत न्हवता.” ती वाकली, घागर पुन्हा उचलली, कमरेवर घेतली. “पर द्यायला पायजे हुता.”

“द्यायला पाहिजे होता,” अक्कांनी परत म्हटलं. आणि वाट बघत राहिल्या. शांतव्वा ‘बस’ म्हणाली नाही. तिला ती रीत ठाऊकच नव्हती. ती घराकडं चालायला लागली, आणि अक्का उन्हात तशाच उभ्या. शेवटी मी त्यांचा दंड धरून त्यांना तिथून हलवलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “अक्का, हा निरोप एवढी वर्षं होता कुठं?”

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “ते मला नको. मी दुसराच विचार करतेय. असे अजून किती असतील?”

त्यानंतर अक्का बदलल्या. अर्धा निरोप आता त्या ठेवून घेत नसत. स्वतः उठून खात्यात जायच्या आणि सांगायच्या, “अर्धाच आलाय. पुढचं आलं की सांगते.” लोक वैतागायचे. एकदा मागखात्यातल्या एका कामगाराच्या घरचा निरोप मुंबईहून आला, ‘आईची तब्येत’ एवढाच, आणि तार गेली. अक्का तेवढाच सांगून आल्या. तो माणूस माग बंद करून जमिनीवर बसून रडायला लागला. थोड्या वेळानं उरलेलं आलं, ‘आता बरी आहे.’ मग तो आमच्या खोलीत येऊन अक्कांना तोंडाला येईल ते बोलून गेला. त्या उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर मी म्हणालो, “कशाला दिलात अर्धा?” त्या म्हणाल्या, “दिला तरी चूक, नाही दिला तरी चूक. पण दिलेली चूक परत घेता येते.”

आणखी एक गोष्ट बदलली, आणि ती मात्र मला आवडत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मुंबईचं कामकाज बंद असे. तेवढ्या वेळात अक्का बाहेरची तार काढून ठेवायला लागल्या. दस्तगीरभाईंनी केलं होतं तशी यंत्राची जोडणी करून त्या समोर बसायच्या, अनवाणी. मी डबा घेऊन कँटीनला जायचो. दस्तगीरभाईंनी तर त्या खोलीत पाऊल टाकणंच सोडलं. यंत्राला तेल द्यायचं झालं तर दारातून मला सांगायचे, “तुमीच डालो शिंदे साब, मेरेकू नक्को.”

त्या सुट्टीत काही येत होतं की नाही, मी कधी पाहिलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पण मधूनच त्या जेवणानंतर एखाद्या खात्यात जाऊन विचारून यायच्या: इथं कृष्णाबाई कोण होती? हणमंत नावाचा फिटर कुठल्या गावचा? आणि पुढच्या रविवारी त्या कुठंतरी बाहेरगावी गेलेल्या असायच्या. सोमवारी पायांना मातीचा रंग, डोळे उन्हानं लाल. मी विचारायचो, “कुठं गेला होता?” त्या म्हणायच्या, “पोचवून आले,” आणि गजरा नीट करून कामाला लागायच्या.

दशक संपायच्या आधीच माझी पुन्हा मुंबईला बदली झाली. निघायच्या दिवशी मी गाडीची तिकिटं, सामान असल्या धांदलीत होतो. त्यांचा निरोप घ्यायला दुपारी मिलमध्ये गेलो, तर त्या रजेवर. वाईट वाटलं. एका नातेवाइकाकडं सामान पोचवायचं होतं म्हणून एसटी स्टँडवर गेलो, आणि तिथं फलाटावरून सुटत असलेल्या एका गाडीत त्या दिसल्या.

खिडकीजवळ बसल्या होत्या, पुन्हा काही पोचवायला निघाल्या असाव्यात. गाडी खचाखच भरलेली. माणसं मधल्या वाटेत दाटीवाटीनं उभी, दारात लोंबकळणारी. फक्त अक्कांच्या शेजारची जागा रिकामी होती. डोक्यावर बोचकं घेतलेला एक माणूस गर्दीतून वाट काढत तिथपर्यंत आला, बसायला वाकला, मग का कोण जाणे तसाच सरळ झाला आणि पुढं सरकून दांडा धरून उभा राहिला. मी हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही.

ड्रायव्हरनं गाडी वळवली. वळणावर सगळी गर्दी एका बाजूला कलली. अक्का आणखी थोड्या खिडकीकडं सरकल्या, पदर आवरून घेतला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळून काहीतरी विचारलं. मग मान हलवली आणि आणखी थोड्या सरकल्या.